गुडघेमास्तर

आमच्या धाकट्या मास्तरांच्या धोतरावर दोन्ही गुडघ्यांच्या जागी शेणाचे गोल डाग असत. सोमवारी धोतर स्वच्छ धुतलेले असे, पण पहिला तास संपेपर्यंत डाग पुन्हा हजर. कारण मास्तर उभ्याने शिकवतच नसत. ज्याचे अडले असेल त्याच्यापुढे सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकायचे, त्याच्या पाटीत मान घालायची आणि हळूच विचारायचे, "कुठं अडलं?" 'येत नाही' हे उत्तर त्यांना चालत नसे. "येत नाई म्हनू नोको. कुठपर्यंत येते ते सांग. तिथून फुडं मी येतो तुयासंगं." मास्तराने पोरांपुढे गुडघे टेकावेत हे आमच्या मोठ्या मास्तरांना पाहवत नव्हते. 'गुडघेमास्तर' हे नाव त्यांनीच ठेवले. आठ दिवसांत ते गावाच्या तोंडी बसले.

आमचे गाव अनसिंगपासून दोन-अडीच कोस आत. गोष्ट एकावन्न-बावन्नच्या सुमाराची. शाळेला खोल्या दोन, पण एकीत पाटलांचा कडबा भरलेला होता आणि तो काढा म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्यामुळे सकाळी पहिली-दुसरी आणि दुपारी तिसरी-चौथी अशी शाळा एकाच खोलीत भरे. खोली एक, फळा एक आणि मास्तर दोन. मोठे मास्तर आमच्याच भागातले, पंधरा वर्षे त्याच खुर्चीवर बसलेले, आवाज असा की नदीवर धुणे धुणाऱ्या बायांना पाढे ऐकू येत. धाकटे मास्तर वाशीमचे. वडील शिवणयंत्रावर बसणारे. शिक्षकाचा अभ्यास नुकताच पुरा करून ते हंगामी म्हणून आमच्याकडे आले होते. टोपीच्या घडीत त्यांची दोरा ओवलेली सुई असे. कोणाच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली दिसली की ते ती लावून देत आणि लावता लावता त्याच्याकडून सातचा पाढा म्हणवून घेत. गुंडी लागेपर्यंत पाढा पाठ झाला नाही तर म्हणत, "दोरा उरला हाये, अजून एक डाव म्हन."

मी तेव्हा तिसरीत होते. वडिलांनी सांगून ठेवले होते, चौथी पास झालीस तर वाशीमला मावशीकडे ठेवू, पुढे शिक. नापास झालीस तर शेतात निंदायला चल. आणि मला हातच्याची वजाबाकी येत नव्हती.

सुरुवातीला मोठ्या मास्तरांनी कामाची वाटणी केली ती एका वाक्यात. "मी शिकवतो, तुमी पोट्टे सांभाळा." म्हणजे मोठे मास्तर फळ्यापाशी आणि धाकटे मास्तर रांगांमधून फिरत. पोरे सांभाळण्याच्या मिषाने त्यांनी एकेकाला शिकवायला सुरुवात केली. माझ्यापुढे चिंचोके मांडून, एक दशक फोडून दहा एकक कसे होतात ते त्यांनी दोन दिवसांत माझ्या डोक्यात उतरवले. वर्षभर फळ्याकडे पाहून जे कळले नव्हते ते दोन दिवसांत कळले. पण त्या दोन दिवसांत फळ्यावर काय झाले ते मात्र मला आजही माहीत नाही. एका कानात भूगोल, एका कानात हातचा. शिवाय मधूनच खुर्चीतून आवाज येई, "कोन कुजबुजून राह्यलं तिथं?" आणि खडूचा तुकडा कधी माझ्या, कधी धाकट्या मास्तरांच्या डोक्यावर येऊन लागे. नेम मोठ्या मास्तरांचा चांगला होता. कोणाला मारायचे होते ते आम्हाला कधी कळले नाही.

मग धाकट्या मास्तरांनी विनंती केली की वर्गाचे दोन भाग करू, अर्धी पोरे तुम्ही घ्या, अर्धी मी घेतो, शिकवायचे एकच. मोठे मास्तर हो म्हणाले. एक भाग फळ्याकडे तोंड करून, दुसरा मागच्या भिंतीकडे. वीस पोरांत प्रत्येकाला विचारता येत होते, ही गंमत पहिल्या दिवशीच कळली. पण दुसऱ्या दिवसापासून मोठे मास्तर आपल्या भागाकडून मोठ्याने परवचा म्हणवून घेऊ लागले. "अजून मोठ्यानं! भिंतीले ऐकू जाऊ द्या!" आमच्या बाजूला कोणाला काही ऐकू येईना. बोट ठेवून मनात वाचा, असे धाकट्या मास्तरांनी खुणेने सांगितले आणि ते एकेकापुढे गुडघे टेकत फिरले. ती वाटणी आठवडाभर टिकली.

पुढची वाटणी मोठ्या मास्तरांच्या मनातली. त्यांनी एका दुपारी अकरा पोरांना उभे केले आणि म्हणाले, "हे दगडं तुमचे. कोपऱ्यात घ्या आन् घासा." त्या अकरांत मी होते. घरी जाताना पोरे आमच्या मागे 'दगडं, दगडं' ओरडत आली. आईने विचारले तेव्हा मी खोटे सांगितले. त्या कोपऱ्यात मात्र आम्ही तीन महिन्यांत जे शिकलो ते आधी दोन वर्षांत शिकलो नव्हतो. भागाकार आला, वाचताना अडखळणे गेले. मग धाकटे मास्तर मला आणि आणखी दोघांना घेऊन फळ्यापाशी गेले आणि म्हणाले, "मास्तर, हे तिघं तयार झाले. याईले आता फुडं बसवा."

मोठ्या मास्तरांनी मान वर केली नाही. "दगड तो दगडच. ऱ्हाऊ द्या तिकडंच."

कोपऱ्यात परतताना मास्तर म्हणाले, "तुमी तयार हाये हे मले ठाव हाये." त्या वयात तेवढ्याने काय होते? मला ते साऱ्या खोलीला ठाऊक झालेले हवे होते. खरे सांगते, त्या दिवसापासून मला तो कोपरा आणि कोपऱ्यातले मास्तर, दोन्ही नकोसे झाले.

त्या हिवाळ्यात एक नवल घडले. पडशाने मोठ्या मास्तरांचा घसा बसला. आवाज पार गेला. आठ दिवस त्यांना फळ्यावर लिहिण्यापलीकडे काही करता येईना. त्यांचा हात विलक्षण होता. एका दमात ते सगळ्या वऱ्हाडाचा नकाशा काढत. ते काढत आणि धाकटे मास्तर बोलत. धाकटे मास्तर विचारत, "मास्तर, आता आपुन कुठं आलो?" आणि मोठे मास्तर खडूने टिंब देऊन दाखवत. मधेच मोठे मास्तर काहीतरी चुकीचे दाखवल्याचे सोंग करत, धाकटे मास्तर डोक्याला हात लावत आणि आम्ही ओरडून बरोबर उत्तर सांगत असू. दोघे हसत. ना रांगा, ना कोपरा, ना दगड. दोन मास्तर एका खोलीत असले की काय होऊ शकते ते मी त्या आठ दिवसांत पाहिले. तसे पुन्हा कुठे पाहिले नाही.

आठव्या दिवशी मोठ्या मास्तरांनी पैनगंगा काढली आणि ती थेट गोदावरीत नेऊन सोडली. हे सोंग आहे असे धाकट्या मास्तरांना वाटले. ते हसून म्हणाले, "नाई नाई मास्तर, ते पयले वर्धेले मिळते."

पण ते सोंग नव्हते. मोठे मास्तर खडू धरून तसेच उभे राहिले. आणि मी हसले. मोठ्याने हसले. माझ्या मागून सगळी खोली हसली.

मोठ्या मास्तरांनी नकाशा पुसला. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज परत आला होता.

त्यानंतर त्यांनी धाकट्या मास्तरांना शिकवू दिले नाही. पाण्याचा रांजण भरणे, पोरांच्या पाट्या गोळा करणे, पाटलाकडे निरोप नेणे ही कामे त्यांच्याकडे आली. मधल्या वेळात कोपऱ्यातून कोणी बोलावले तरच ते गुडघे टेकत. आणि रोज दुपारी एक खेळ सुरू झाला. मोठे मास्तर खुर्चीतून म्हणत, "गुडघेमास्तर, उभे ऱ्हा. सतरा नवे?" धाकटे मास्तर आमच्यासारखेच हात बांधून उभे राहत आणि सांगत, "एकशे त्रेपन्न." "बसा." पोरे खदखदत. हंगामी माणूस काय करणार? पहिल्या दिवशी मला वाईट वाटले होते. चौथ्या दिवशी मीही वाट पाहत होते.

पोरांनी मग आपापले खेळ काढले. अडले म्हणून खोटेच बोलवायचे आणि ते खाली बसले की पाटी उलटी करायची. एके दिवशी त्यांच्या बसायच्या जागेवर सराटे टाकले. ते काटे आमच्या शेताच्या धुऱ्यावरचे होते. ओच्यातून मीच आणले होते. का, तर चौथीतल्या पुढच्या पोरी म्हणाल्या होत्या, आणलेस तर आमच्यात बसवू. मास्तर टेकले आणि त्यांचा चेहरा एकदम आकसला. तरी समोरच्या पोराचे उदाहरण त्यांनी पुरे करवून घेतले. मग उठले, भिंतीकडे तोंड करून टोपीतली सुई काढली आणि तिच्या टोकाने एकेक काटा काढत राहिले. धोतरावर रक्ताचे ठिपके आले होते. मोठे मास्तर म्हणाले, "आज शिवनकाम जोरात चालू हाये." मी पुढच्या पोरींत बसून हसले. त्या रांगेत माझी ती पहिली दुपार.

मी चौथीत गेल्यावर डिप्टीसाहेब तपासणीला आले. आता मोठ्या मास्तरांनी स्वतःच मला सगळ्यांच्या पुढे बसवले होते, कारण उदाहरणे मला येत होती. साहेबांनी फळ्यावर हातच्याची लांबलचक वजाबाकी घातली. मी ती एका दमात केली.

"शाबास. नाव काय?"

"सुभद्रा."

"कोणी शिकवलं तुला?"

साहेबांच्या मागे मोठे मास्तर उभे होते. धाकटे मास्तर कोपऱ्यात एका पोरासमोर होते, पण त्यांचे बोलणे थांबले होते.

"मोठ्या मास्तरांनी," मी म्हणाले.

"आणि हे मास्तर काय शिकवतात?"

एवढ्यावर गप्प राहता आले असते. माहीत नाही म्हणता आले असते. मी म्हणाले, "ते काईच नाई शिकवत. ते नुसते खाली बसते."

खोली हसली. साहेबही हसले आणि वहीत काही लिहू लागले. धाकट्या मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, रागाने नव्हे. माझी चूक कुठे झाली ते शोधताना पाटीकडे पाहत, तसे पाहिले. मग त्यांनी त्या पोराचे पुढचे उदाहरण घेतले.

महिन्याभराने कागद आला. एका वर्गाला दोन शिक्षक नकोत, हंगामी माणसाला मोकळे करावे. मास्तरांचे सामान म्हणजे एक पेटी आणि एक वळकटी. अनसिंगकडे जाणाऱ्या बैलगाडीत ते चढले तेव्हा मी विहिरीवर पाणी भरत होते. मला लपायचे होते, पण त्यांनी पाहिले आणि गाडी थांबवायला लावली.

"सुभद्रे, तुये अपूर्णांक कच्चे हायेत," ते म्हणाले. "परीक्षेत त्याईवरच येते. छेद सारखे करून घेत जाय, घाई करू नोको."

गाडी निघून गेली. परीक्षेत अपूर्णांक आले. मी छेद सारखे केले आणि पास झाले.

वाशीमला मावशीकडे राहून मी शिकले. अठराव्या वर्षी मास्तरीण झाले आणि पुढच्याच वर्षी एका खेड्यात दोन शिक्षिकांची शाळा माझ्या हाताखाली आली. दुसऱ्या बाई माझ्याहून लहान. खोली तिथेही एकच. एकदा बाईंनी मुलांदेखत माझी चूक काढली. शुद्धलेखनाची, एका वेलांटीची. मी त्यांच्या बदलीचा अर्ज करायचे ठरवले. अर्ज कायद्याच्या भाषेत हवा म्हणून एका शनिवारी वाशीमच्या कचेरीबाहेर गेले. तिथे झाडाखाली अर्ज लिहिणारे बसत. ज्याच्यापुढे गर्दी कमी होती त्याच्यापुढे मी बसले.

"कोनाविरुद्ध?" मान खाली ठेवून त्याने विचारले.

"आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाईंविरुद्ध. वर्गात मला मान देत नाहीत. त्यांची बदली व्हावी."

त्याने दोन ओळी लिहिल्या. "अर्जदाराचं नाव, गाव?"

मी सांगितले. टाक थांबला. त्याने वर पाहिले तेव्हा मी ओळखले. केस पिकले होते, गाल बसले होते. वय तिशीचेच.

मी काय बोलले ते मला सगळे आठवत नाही. लहान होते, भीती वाटली, असे काहीतरी. डोळ्यांत पाणी आले होते. ते माझे बोलून होईपर्यंत थांबले.

"त्याच्यानंतर मले कोनत्या शाळेनं उभं केलं नाई," ते म्हणाले. "डिप्टीनं शेऱ्यात तुयंच वाक्य लिवलं होतं. जिथं गेलो तिथं ते माया फुडं पोचलेलं असे."

"मास्तर, मला माफ करा."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. मनापासून केला, मला ते दिसत होते. मग म्हणाले, "नाई व. तू लहान होती, हे मले समजते. पन माफ केलं म्हनलं तर ते खोटं होईल, आन् तुले आजवर मी खोटं काई शिकवलं नाई."

मागे उभा असलेला शेतकरी चुळबुळ करू लागला. मास्तरांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि कागदावर धरला.

"बोला बाई," ते मला म्हणाले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच 'बाई' आणि 'बोला'. "त्या दुसऱ्या बाईचं नाव काय लिहू?"

मी नाव सांगितले नाही. तो कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला आणि उठले. त्यांनी मागच्या माणसाला पुढे बोलावले आणि नवा कोरा कागद घेतला.