खुर्ची न सोडणारी मुलगी

मुलांनो, तुमच्या आईला ईमेल करायला मी द्वारकेजवळच्या सायबर कॅफेत जायची. तिथे शेजारी एक कॉलेजातली मुलगी ऑनलाइन गेम खेळत असे. नाव मी कधी विचारलं नाही. गेममध्ये ती चोर व्हायची, अदृश्य होऊन मागून वार करायची. कॅफेचा नियम होता, हरेल त्याने खुर्ची सोडायची.

तिचा प्रतिस्पर्धी, एक मुलगा, दोन खुर्च्यांमधल्या प्लायवुडच्या आडोशापलीकडेच बसायचा. तिच्या बांगड्या वाजल्या की वार येतो, हे त्याने हेरलं होतं.

"ताई, आज उठावं लागणार," एके दिवशी तो पलीकडून म्हणाला.

"बघू ना."

तिने चोराला भिंतीआड उभं केलं, बांगड्या हळूच काढल्या आणि प्लायवुडजवळ खुळखुळवल्या. पडद्यावर तो गर्रकन वळला आणि हवेत तलवार फिरवत राहिला. तो दमेपर्यंत ती हललीच नाही. मग एका वारात तो आडवा.

"ही चीटिंग आहे," तो कुरकुरला.

"आणि माझ्या हाताकडे कान लावून बसला होतास, ते?"

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, मी लपते म्हणून यांना वाटतं घाबरते."

तो खुर्ची सोडून उठला. तिने मान उंचावून सगळ्या कॅफेला विचारलं, "आता कोण बसतंय?"