पडद्याचा रॉड

आमचे काका पडदे शिवतात आणि लोकांच्या घरी जाऊन बसवूनही देतात. स्वतःच्या खिडकीला मात्र दोन खिळ्यांना अडकवलेली जुनी चादर. काकूची धुसफूस कायम त्यावरून.

परदेशातल्या लेकीकडून परतताना काकांनी हौसेनं एअरगन घेतली. काकू डोकं खाईल म्हणून गन सुटी केली, नळी तिकडून घेतलेल्या रॉडच्या नमुन्यांबरोबर गुंडाळली आणि "सगळे रॉड आहेत" म्हणून तिला सांगून टाकलं. शुद्ध बावळटपणा.

विमानतळावर अधिकाऱ्यानं बॅग अडवली. "यात काय आहे?"

काकांनी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाली, "पडद्याचे रॉड. यांचा धंदाच आहे तो."

"सगळे रॉडच?"

"अख्खा जन्म काढलाय यांच्याबरोबर," काकू भडकली. "हे खोटं बोलत नाहीत."

अधिकाऱ्यानं आणखी दोघांना बोलावलं. त्यांच्याबरोबरच आलेल्या मला त्यांनी बाजूला उभं केलं. काका एकदा अधिकाऱ्याकडे बघत, एकदा काकूकडे. जास्त भीती कुणाची होती, ते उघड दिसत होतं.

"त्यातली एक एअरगनची नळी आहे," ते शेवटी पुटपुटले. "हिला ठाऊक नाही."

चौकशी, दंड सगळं होऊन गन परत मिळाली.  घरी आल्या आल्या काकूनं चादर ओढून काढली, नळी त्या दोन खिळ्यांवर आडवी ठेवली आणि वरून चादर टाकली.

"चारचौघांत मी ह्याला रॉड म्हटलंय," ती म्हणाली. "आता हा रॉडच."