कुलूपबंद फोन आणि मिलिंदच्या टिचक्या

ऑफिसचे किस्से घरातल्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण कपाट उघडलं की अंगावर पडतात. परवा भाचा जेवायला आला होता. तो कॉम्प्युटरवरच्या चोऱ्या पकडणाऱ्या कंपनीत आहे. सांगत होता, "मामा, हॅकर काही एका दिवसात होत नाही. आधी नुसती गंमत, मग दोस्तांसाठी, मग दुसऱ्याच्या नावावर." मी म्हटलं, "बाबा रे, आमच्या मिलिंदनं हे सगळं कॉम्प्युटर न बघता केलंय." झालं, कपाट उघडलं!

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. खुर्च्या येत होत्या, माणसं येत होती, फक्त पाणी येत नव्हतं. दुष्काळ पडलेला. आमचं ऑफिस टंचाईचंच काम करायचं आणि आमचाच माठ कोरडा. खात्याचं नाव विचारू नका, पेन्शन चालू आहे. मी तिथं क्लार्क, मिलिंद टायपिस्ट. गडी हिमायतनगरचा, अजून टेंपररी. गावच्याच शाळेतल्या संघमित्राबाईंशी त्याचं लग्न ठरलं होतं, पण सासऱ्याची अट एकच: "नोकरी कायम झाल्याचा कागद दाखवा, मग तारीख काढू." त्या कागदावर सही साहेबांची. म्हणजे साहेबांची मर्जी गेली की नोकरी गेली, आणि नोकरीमागोमाग नवरी.

*

ऑफिसात फोन एकच. डायलला पितळी कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. फोन घेता यायचा, करता यायचा नाही.

एका दुपारी साहेब दौऱ्यावर होते. मिलिंदनं रिसीव्हर उचलला आणि तो ठेवायच्या जागेवरचं बटण सहज टिचकावलं. डायल फिरल्यावर होतं तसंच आत टकटक झालं. मग काय! आकडा जेवढा, तेवढ्या टिचक्या. कुलूप जागच्या जागी, आणि पलीकडून "हॅलो".

लागला होता समोरच्याच हॉटेलात. मालक फोन कानाला लावून उभा, आम्हाला खिडकीतून दिसत होता.

"दोन चहा," मिलिंद म्हणाला.

मालकानं खिडकीकडं बघितलं. "आरं मग हाक मार की."

*

पुढं सगळ्या ऑफिसचे फोन मिलिंदच लावून द्यायला लागला. साहेबांची जीप गेली की टेबलापुढं रांग. आमचे शिपाई पाशाभाई वयानं मोठे, त्यांना कुणाची मिनतवारी आवडायची नाही. मेव्हण्याच्या दुकानाचा नंबर त्यांनी स्वतःच टिचकावला. एक टिचकी इकडची तिकडं झाली आणि फोन लागला अग्निशमन दलाला.

"आग कुठं लागली?"

पाशाभाई घाबरले. "आग न्हाई साहेब. हितं पाणी न्हाई."

"मग आमच्याकडं तरी कुठं हाय," म्हणून त्या माणसानं फोन ठेवला.

*

हिमायतनगरला बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल. तो एक्स्चेंजच्या बाईंकडं मागायचा. साध्या माणसानं सकाळी मागितला तर संध्याकाळी लागला तर लागला. टंचाईच्या सरकारी फोनला मात्र लगेच लाइन.

मी मिलिंदला बजावलं, "चहापर्यंत ठीक आहे. पुढं गेलास तर कागद विसर."

"भाऊ, एकदाच. लई आठवण येऊन राहिली."

त्यानं घसा खाकरला आणि थेट साहेबांचा आवाज काढला. साहेब नाकात बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला "काय?" जोडायचे. "बाई, हिमायतनगर पोस्ट द्या. टंचाई आहे, काय?"

पोस्टाशेजारच्या शाळेतून संघमित्राबाईंना बोलावून आणलं. इकडं लाइनवर एक्स्चेंजच्या बाई, तिकडं शेजारी पोस्टमास्तर. प्रेमाचं बोलायचं कसं?

"मॅडम, तुमच्याकडची परिस्थिती कशी आहे, काय?"

त्या हुशार. लगेच ओळखलं. "बिकट हाय साहेब. कागदाची वाट बघून राहिले."

"प्रस्ताव विचाराधीन आहे."

"लवकर करा. दुसऱ्या तालुक्यातून पण प्रस्ताव यायला लागलेत."

त्या दिवशी मिलिंदनं एक ओळ धड टाइप केली नाही.

*

एकदाच म्हणणारा गडी रोजचा झाला. लाइन जोडता जोडता एक्स्चेंजच्या बाई सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या. मिलिंद साहेब होऊन ऐकायचा, वर सल्लाही द्यायचा. संक्रांतीला बाईंचा मुलगा तिळगुळाचा डबा घेऊन ऑफिसात हजर. साहेबांच्या पाया पडला. "आईनं सांगितलंय, तुमच्यामुळं घरात शांती आली."

तो गेल्यावर साहेब डबा हातात धरून आम्हाला विचारत होते, "कुणाच्या घरात, काय?"

*

आणि मग तो दिवस. अहमदपूरकडच्या एका गावातला आड आटला होता. माणसं सकाळपासून ऑफिसच्या पायरीवर बसलेली. बोअरचं मशीन नांदेडात होतं, तासाभरात फोन नाही गेला तर ते दुसरीकडं निघणार होतं. एरवी साहेबांचे ट्रंक कॉल मी मागायचो, पण घाईत त्यांनी स्वतःच कुलूप काढलं आणि डायल फिरवला. "नांदेड द्या. मी साहेब बोलतोय, काय?"

बाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "साहेबांचा आवाज मी रोज ऐकते. तुम्ही कोण?" आणि फोन बंद.

साहेबांनी पुन्हा लावला. "पुन्हा साहेबांचं नाव घेतलंत तर पोलिसात देईन," बाई म्हणाल्या.

साहेबांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि आमच्यातल्या एकेकाकडं बघितलं. "रोज?"

मिलिंदचा कायम होण्याचा कागद त्याच टेबलावर सहीसाठी पडला होता. मिलिंद गप्प बसला असता तर कुणीच नाव सांगितलं नसतं. पण त्यानं बाहेर पायरीवरच्या माणसांकडं बघितलं, उठला आणि हात पुढं केला.

"द्या साहेब, मी लावतो." बटणावर सवयीनं टिचक्या मारल्या, घसा खाकरला. "बाई, नांदेड द्या. टंचाई आहे, काय?"

"लगेच देते साहेब. आणि ऐका ना, आत्ताच एक लबाड माणूस तुमच्या नावानं फोन मागत होता. वर तक्रार करू का?"

साहेब रिसीव्हरला कान लावून शेजारीच उभे होते. मिलिंदनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा सहीच्या कागदाकडं, आणि साहेबांच्याच आवाजात म्हणाला, "जाऊ द्या बाई. माणूस चांगला आहे. त्याचं लग्न ठरलंय, काय?"