आतोबांनी टाइप केलेलं एक पत्र

कुठल्याच पक्षाचा नसलेला माणूस कुंभकोणमात मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या आत्येच्या वाट्याला आला होता. धोतराच्या काठाचे रंग पाहून माणूस कोणत्या पक्षाचा ते गल्लीच्या टोकावरून ओळखायचे ते दिवस. आतोबांना आहेरात तसली धोतरं आली की ते ओट्यावर बसून काठाचा एकेक धागा उसवून काढत. कापीच्या, म्हणजे कॉफीच्या, दुकानात दोन्ही पक्षांची वर्तमानपत्रं घेत, आणि एकाच सभेची बातमी दोन्हींतून आलटूनपालटून मोठ्याने वाचत. दोन्हीकडची माणसं चिडून उठून गेली की आमच्या घरच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणत, "आतां अम्हांस बसाला जागा झाली की हो!"

तालुका कचेरीसमोर करंजाच्या झाडाखाली टाइपरायटर मांडून ते लोकांचे अर्ज लिहून देत. विधवेचं पेन्शन, रेशन कार्ड, गल्लीतला नळ, काहीही. अर्जात पुढाऱ्याचं नाव मात्र घालत नसत. "नावाशिवाय कागद हलत नाही, अय्या," लोक काकुळतीने सांगत. "लिहिणं माझं काम, हलवणं सरकाराचं," असं म्हणून ते रिबन सारखी करत.

त्यांची मुलगी रुक्मा शिकून सात वर्षं घरी बसली होती. तिरुनागेश्वरमला पोरांच्या दुपारच्या जेवणाच्या केंद्रावर एक जागा निघाली, तेव्हा सत्तेतल्या पक्षाचा वॉर्डातला सेक्रेटरी स्वतः घरी आला. म्हणाला, "आमच्या शिफारशीचं पत्र लागेल. आणि दाराला झेंडा, आठवडाभर." आत्या नुसती आतोबांकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पत्र स्वतःच्याच मशीनवर टाइप केलं. एरवी त्यांच्या हातून चूक होत नसे. त्या दिवशी चार कागद फुकट गेले.

दाराला झेंडा आठवडाभर राहिला, आणि रुक्मा नोकरीला लागली. मन लावून काम करू लागली. आणि दोन वर्षांत सरकार बदललं, तशी "त्यांची माणसं" म्हणून एका फटक्यात सगळी घरी पाठवली. रुक्माच्या जागी नव्या पक्षाची सेल्वी आली. आतोबांच्या समोरच्या घरातल्यांनी बोलणं टाकलं. करंजाखाली अर्धी माणसं फिरकेनाशी झाली. झेंडा सगळ्यांनी पाहिला होता, आधीची वीस वर्षं कोणाच्याच लक्षात नव्हती. आतोबा रोज जाऊन बसत, पण कापीच्या दुकानातलं वाचन त्यांनी सोडलं.

पुढल्या निवडणुकीनंतर पुन्हा पारडं फिरलं, पण रुक्माला कोणी परत बोलावलं नाही. मी तेव्हा त्यांच्याकडेच होतो. दारात एक बाई उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तमिळमध्ये म्हणाली, "मी सेल्वी. मलाही काढलं. आमच्या पक्षातलं आता कोणी ओळख देत नाही. अर्ज लिहून द्याल का?"

रुक्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या चेहऱ्याकडे बघायचा मला धीर झाला नाही. आतोबांनी विचारलं, "लिहूं कां, रुक्मा?"

तिने ओले हात पुसले. मग म्हणाली, "लिवा, अप्पा. तिचं मूल धाकटं आहे."

आतोबांनी लिहिलं, पण एकीचा नाही, दोघींचा. या दोन्ही बायकांनी पोरांना पोटभर जेवू घातलं आहे, दोघींनाही कामावर ठेवावं, एवढाच मजकूर. खाली दोघींच्या सह्या घेतल्या. रजिस्टरने पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. पोस्टमन पुढे गेला की ते म्हणत, "सरकार मोठें. वेळ लागतो."

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. दोन्ही पक्षांकडून कोणी आलं नाही. सेल्वी मात्र तिरुनागेश्वरमहून आली, मूल कडेवर घेऊन, आणि दाराशीच घुटमळली. रुक्माने मान वर करून तिला पाहिलं, आणि चटईवर थोडी बाजूला सरकली.