आठ नंबरचा जोड

दुकानाच्या पायरीशी आले की ते थांबायचे. डावा तळवा उजव्या पोटरीवर घासायचा, मग उजवा डाव्या पोटरीवर, आणि धूळ झडली की आत पाऊल टाकायचं. चपलांच्या दुकानात हा माणूस अनवाणी यायचा. वर मलाच म्हणायचा, "शेठ, तुमची फरशी खराब नाही झाली पाह्यजे."

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलावरून आत येणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. आमच्याकडे नळ रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतो, तोही तासभर. ते आमच्या भागाचे पाणी सोडणारे. खाकी शर्ट, खांद्यावर कमरेएवढी लोखंडी चावी. गल्लीच्या तोंडाशी झाकण उचलायचं, चावी खाली घालायची आणि फिरवायची. तुमच्याही गल्लीत असा एक माणूस असेल. त्याचं आडनाव तुम्हाला ठाऊक नसेल, पण त्याची वाट मात्र तुम्ही पाहिली असेल.

"बोललो तं बोललो," हे त्यांचं पालुपद. पाचला पाणी सोडतो म्हणाले की पाचला सोडणार, अंगात ताप असो की घरात पाहुणे. एकदा सख्ख्या पुतणीच्या लग्नात पंगतीतून उठून आले होते. हाताला वरणाचा वास, कपाळाला घाम. मी म्हटलं, "भाऊ, अर्धा तास उशीर झाला असता तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "बायका हंडे लावून बसल्या असतीन ना. बोललो तं बोललो." आणि चावी फिरवून परत जेवायला गेले. अशा माणसाचं आम्हा सगळ्यांना कौतुक होतं. ते कौतुकच पुढे नडलं, असं मला आता वाटतं.

त्यांना एकच मुलगी. बायको लवकर गेली, त्यामुळे घरात बाप-लेक दोघंच. ही मुलगी दहावीला शाळेत पहिली आली, त्या दिवशीची गोष्ट. ते पेढ्यांचा पुडा घेऊन रस्त्यानं वाटत वाटत माझ्याकडे आले. म्हणाले, "शेठ, चांगला चामड्याचा जोड काढा. आठ नंबर." एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडून रबरी स्लिपरच नेली होती. मी तपकिरी रंगाचा, पट्ट्याला पितळी बक्कल असलेला जोड काढला. त्यांनी घालून पाहिला, दोन पावलं चालले, आणि काढला. बाजूला काढलेली जुनी स्लिपरही उचलून बाहेर टाकली. दुकानापुढे पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यांच्यासमोर तो नवा जोड वर धरून ते म्हणाले, "माही पोरगी डॉक्टर झाल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही. शेठ, हे तुमच्यापाशी ठेवा. त्या दिवशी नेतो."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मी वाजवल्या. मुलगी बाजूला उभी होती, हातात पेढ्यांचा पुडा. ती हळूच म्हणाली, "बाबा, घाला ना." टाळ्यांमध्ये ते कोणाला ऐकू गेलं नसावं. मला गेलं होतं.

तो जोड मी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, रस्त्यावरून दिसेल असा. दर दिवाळीला त्याला तेल लावायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, तो वरचा दाखवा. मी म्हणायचो, तो विकायचा नाही, आणि सगळी हकिकत रंगवून सांगायचो. लोक हळहळायचे, कौतुक करायचे आणि जाताना काहीतरी घेऊन जायचे. लाज वाटते सांगायला, पण त्या जोडानं माझं दुकान चालवलं.

अकोल्याचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेल. डांबर मऊ पडतं. हा माणूस त्यात अनवाणी फिरायचा. सकाळी रस्त्याच्या एका अंगानं, दुपारून दुसऱ्या अंगानं, सावली सरकेल तसे. कुठल्या घराचा छज्जा किती पुढे आहे ते त्यांना पाठ होतं. गल्लीतल्या बायका ते यायच्या वेळेला दारापुढे तांब्याभर पाणी ओतून ठेवायच्या, कोणी ओलं पोतं टाकायची. मेहेरबानी म्हणून नाही, घरचा माणूस म्हणून. माझी बायकोही पायरीवर मगभर पाणी टाकायची. ते त्यावर उभे राहायचे, डोळे मिटून घ्यायचे आणि म्हणायचे, "हं. आता बोला."

शेजारच्या एका म्हातारीनं त्यांना समजावलं होतं, "अरे बाप्पा, नवस सोडवता येते. देवाले कबूल कर, काही वाह्य, मोकळा हो." ते विहारात जाणारे, नवससायास न मानणारे. हसून म्हणाले, "मावशी, हा नवस थोडी हाय. देवाशी बोललो असतो तं देवाले मनवलं असतं. मी पोरीशी बोललो." आम्ही सगळे वा वा म्हणालो. म्हातारी एकटीच म्हणाली, "हे तं लयच कठीण केलंस रे."

मुलगी डॉक्टरीच्या परीक्षेला तीनदा बसली. पहिल्यांदा बरीच मागे राहिली, दुसऱ्यांदा थोडी, तिसऱ्यांदा अगदी थोडी. ते एकदाही रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. घरात एकदा आदळआपट झाली असती, रडारड झाली असती आणि दोघं मोकळे झाले असते. तसं काही झालंच नाही. ते सकाळी उठायचे, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर चहा ठेवायचे आणि अनवाणी कामावर निघायचे.

मग ती नर्सिंगला गेली, अमरावतीला. चांगली शिकली. तिथेच एका दवाखान्यात लागली. नोकरीचे पेढे घेऊन बाप-लेक दुकानात आले, तेव्हा मी जोड खाली काढून, पुसून, काउंटरवर ठेवूनच बसलो होतो. मला वाटलं, झालं आता. पोरगी पायावर उभी राहिली. त्यांनी पोटऱ्यांवर पाय घासले, आत आले, पेढा खाल्ला. जोडाकडे पाहिलं. म्हणाले, "राहू द्या शेठ. बोललो तं बोललो."

मुलीनं पुड्याचं झाकण लावलं. त्यात अजून अर्धे पेढे होते. ते पुढे गेल्यावर ती मला म्हणाली, "काका, ते आता परत वर ठेवू नका, आत कुठी ठेवा ना." मी म्हणालो, "अवं, आपल्या दुकानाची शान हाय ते." माझ्यासारखा मूर्ख माणूस तुम्ही पाहिला नसेल. त्यानंतर ती सुट्टीत यायची तेव्हा मागच्या बोळातून घरी जायची, हेसुद्धा माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

पुढे त्यांना शुगर निघाली. त्याच सुमाराला एक दिवस मोठ्या खुशीत आले. "शेठ, आता तं ऊनही लागत नाही. पाय पक्के झाले." भर दुपारी डांबरावर उभे राहून दाखवलं. मी गिऱ्हाइकांना बोलावून ते दाखवलं. मुलगी आली तेव्हा तिनं त्यांच्या तळव्यावरून कापूस फिरवला, मग पेनचं टोक फिरवलं. ते म्हणाले, "केव्हा करतं?" तिचं करून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. "काका, शुगरवाल्यांची मऊ चप्पल द्या. आठ नंबर." मी बांधून देत होतो आणि ती बोलत होती, माझ्याकडे न पाहता. "मी नर्स झाली, ते त्याईच्या लेखी झालीच नाही काका. पंधरा-पंधरा पेशंट सांभाळते मी. पण बाबा अनवाणी चालताना दिसले का मले वाटते, मी रोज नापास होऊन राहिली." डोळे पुसून ती गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच पुडकं घेऊन ते आले. पाय घासले. पुडकं काउंटरवर ठेवलं. मी चिडलो. "अहो भाऊ, पोरगी स्वतः सांगून राहिली, आता तरी घाला." त्यांनी पुडकं माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "घालतो कसा? मी चप्पल घातली तं तिले वाटन, बापानं आस सोडली. अख्खी दुनिया तिले म्हणते, नाही जमलं तुले. एक तरी माणूस तिच्या बाजूनं पाह्यजे का नाही?"

बघा, दोन दिवसांत दोघांचं मी ऐकलं. एकाच काउंटरवर, एकाच पुडक्यापुढे. बाप चप्पल घालत नव्हता तो तिला वाईट वाटू नये म्हणून, आणि ती झुरत होती तो घालत नव्हता म्हणून. एका वाक्याचं काम होतं. तिला सांगायचं किंवा त्यांना सांगायचं. मी म्हणालो, घरातली गोष्ट आहे, आपण कशाला तोंड घालायचं. एरवी प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांची कहाणी सांगणारा मी, तेव्हा बरोबर गप्प बसलो.

नंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते आले, आत येऊन बसले. मी पायरीकडे पाहिलं तर तिथे लाल डाग. पायरीपासून खुर्चीपर्यंत, आणि मागे रस्त्यावरही. मी म्हटलं, "भाऊ, हे रगत कोणाचं?" त्यांनी वळून पाहिलं. "कोणाचं हाय बाप्पा?" असं म्हणून ते खरोखर रस्त्यावर पाहू लागले, कोणाला लागलं का म्हणून. मी त्यांचा पाय उचलून पाहिला. तळव्यात पत्र्याचा तुकडा रुतला होता, आणि तो त्या दिवशीचा नव्हता. वास येत होता. मी तिथल्या तिथे मुलीला फोन लावला.

तिनं त्यांना आपल्याच दवाखान्यात नेलं, अमरावतीला. मी भेटायला गेलो तेव्हा ती ड्रेसिंग करत होती. नाकातोंडाला फडकं नाही, चेहऱ्यावर आठी नाही. धुवून, पुसून, औषध भरून पट्टी गुंडाळत होती. ते तिच्या हातांकडे पाहत होते. ती गेल्यावर मला म्हणाले, "पाह्यलं? डॉक्टर येते, दुरून पाह्यते अन् जाते. हे पोरगी धुते. तिकडचा तो म्हातारा हाय ना, तो तिच्याशिवाय कोणाले सुई टोचू देत नाही." मग आवाज खाली करून म्हणाले, "शेठ, मले काही कळलं नाही बुवा. इतकी मोठी पोरगी घरात होती अन् मी वरच पाहत बसलो. तो जोड घेऊन येजा. घालतो."

मी म्हणालो, रविवारी आणतो. लग्नसराई होती, दुकानात गर्दी होती. माझं बोलणं त्यांच्यासारखं नव्हतं. मी गेलो बुधवारी.

तोवर उजवा पाय घोट्याच्या वरून काढला होता. मी पिशवी घेऊन दारातच उभा राहिलो. ती पाठीमागे लपवली, पण त्यांनी पाहिली. "आणला?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मंग एकच काढा."

मला काढवेना. मुलीनंच पिशवी घेतली. पलंगाशी बसून तिनं त्यांचा डावा पाय ओल्या कापडानं पुसला, बोटांच्या बेचक्याही पुसल्या, आणि चप्पल घातली. बक्कल लावलं. "बसली का बाबा?" "बसली." थोड्या वेळानं ते म्हणाले, "माय, आधीच घालाले पाह्यजे होती." ती म्हणाली, "पाय हलवू नका." मी तर तिथे नसल्यासारखाच होतो.

ते परत अकोल्याला आले नाहीत. जंतू रक्तात गेले होते. तीन आठवडे ते ती चप्पल घालूनच पलंगावर होते. नर्स मुली अंथरूण बदलताना काढायला गेल्या तर म्हणायचे, राहू द्या.

ते गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यानंतर दोन-चार दिवसांनी मुलगी दुकानात आली. समोरच्या रस्त्यानं आली, किती वर्षांनी. पिशवीतून डावी चप्पल काढून काउंटरवर ठेवली. उजवी मी परत आणून ठेवली होती, तीही काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या. तिनं डावी उलटी केली. तळाला धुळीचा कणही नव्हता.

"काका, एक विचारू? शेवटी घातली त्याईनं. मंग आधी कावून नाही घातली? मी एवढी हातापाया पडली."

मग मी सांगितलं. ते पुडकं परत करायला आले होते तो दिवस, ते जे बोलले ते शब्द, तसेच्या तसे. बापानं आस सोडली असं तिला वाटू नये म्हणून. सांगताना मला वाटत होतं, आपण तिला काहीतरी चांगलं देतोय.

ती चप्पल घालून पाहायच्या स्टुलावर बसली. मग म्हणाली, "हे तुमाले कवापासून माहीत होतं?"

मी म्हणालो, "तू मऊ चप्पल घेऊन गेली ना बाई, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तेवढ्यात मागच्या घरात नळाची धार वाजली, कोणीतरी हंडा सरकवला. ती उठली, पदर नीट केला. "नळ आला वाटते," म्हणाली, आणि पायरी उतरून गेली.