द्राक्षांखालची सुरी

चूक माझीच होती, हे आधी सांगतो. निवृत्त झालो तरी ते प्रकरण मनातून जात नाही.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये मी डिटेक्टिव्ह होतो. एका वृद्ध बाईंनी तक्रार दिली : साफ करायला दिलेलं बेल्जियमकडचं जुनं फ्लेमिश चित्र बदललं गेलंय. चित्रकार फारसा कुणाला माहीत नसलेला. चारशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या चित्रशाळेत राबून लिंबं, पाव, भांडी रंगवत राहिला. स्वतःच्या नावाची चित्रं मोजकीच. बाईंकडच्या फोटोत टेबलावर द्राक्षांचा घड होता. परत आलेल्या चित्रात घड गायब, तिथे एक सुरी.

चित्र साफ करणारी पुण्याची, वर्क व्हिसावर आलेली. मी मराठी आहे म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. मला मात्र धास्ती. आपल्या माणसाला सूट दिली असं स्टेशनात कुणी म्हणू नये, म्हणून मी नको तितका कडक झालो.

"दादा, घड नंतर कुणीतरी रंगवलेला. मी तेवढाच काढला."

"दादा नाही, ऑफिसर. मूळ चित्र कुठंय?"

"हेच मूळ. या फाइलमध्ये सगळं आहे, बघा तरी."

मी बघितली नाही. पुरावा म्हणून पाकिटात घालून सील केली, पावती दिली. ती चिडत नव्हती, याचाही मला संशय आला. तिच्या स्टुडिओत फोन करून चौकशी केली. आठवड्यात तिची नोकरी गेली. व्हिसा त्या नोकरीवरच होता.

सरकारी वकिलांनी कागद मागितले तेव्हा मी सील तोडलं. आत साफसफाईच्या आधीचा एक्स-रे. द्राक्षांखाली सुरी, मुठीवर चित्रकाराचं नाव. सोबत घड काढण्याची परवानगी, बाईंच्या दिवंगत नवऱ्याच्या सहीची. बाईंना त्यांनी ती कधी सांगितलीच नव्हती.

तक्रार बंद झाली. आपल्या माणसावर जास्तीचा संशय घेणं म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे, हे मला इतक्या उशिरा कळलं. तिच्या दारात जायला आणखी तीन आठवडे लागले. घरात खोकी बांधलेली.

"बोला, ऑफिसर."

"फाइल पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. तुम्ही मराठी, म्हणून नाही उघडली. माफ करा."

तिने हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. "इथलं तर गेलंच. पुण्यात कुणी विचारलं तर दाखवायला लेखी द्या. आणि पाकीट सील करू नका."

तिथल्याच एका खोक्यावर कागद ठेवून मी लिहायला घेतलं. पहिली ओळ : चूक माझी होती.