आप्पांनी आमचं गाणं हळदीत का वाजवलं

आप्पा गेले.

आणि खरं सांगते, माझ्या मनात आधी हेच आलं की आता सगळे त्यांच्याबद्दल गोडगोड खोटं बोलणार.

माझा स्वभावच संशयी. कुणी कौतुक केलं की मी बघते, याचं काय काम अडलंय माझ्याकडे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आप्पा मुरबाडकडचे, बेंजो पार्टीवाले. हळद कुणाचीही असो, वाजवायला आप्पा. नितेशचे शेजारी.

नितेश आणि मी, आमचा दोघांचाच बँड. इमो. म्हणजे रडकी गाणी, पण गिटारवर. गिटार त्याची, आवाज माझा.

मागच्या मे महिन्यात आम्ही ईपी टाकली, 'करवंदं'. चार गाणी. चहा गार व्हायच्या आत संपतात.

रिव्ह्यू आले.

एक म्हणाला, "उन्हाळ्यासारखं गोड, हलकं."
हलकं? शेवटचं गाणं नितेशच्या मोठ्या भावावर आहे. ॲक्सिडेंटमध्ये गेला तो, ऐन मे महिन्यात.

दुसरा, "ग्रामीण निरागसता."
अहो, मी आसनगावला बिल्डिंगमध्ये राहते, लिफ्टवरून सेक्रेटरीशी भांडते. कसली डोंबलाची निरागसता!

तिसरा, "प्रॉमिसिंग."
प्रॉमिसिंग म्हणजे ऐकलंच नाय.

आप्पांनी ओट्यावर बसून मोबाईलवर ऐकलं. म्हणाले, "बरं हाय गो. पन सुरू झालं आन् संपलं."

बास.

पुढच्याच आठवड्यात गावात हळद होती. आम्ही जेवत होतो. आणि आप्पांच्या पार्टीने तेच गाणं धरलं. भावाचं गाणं! डबल स्पीडमध्ये, ढोलकी-ताशासकट. नवरदेवाचा मामा तोंडात रुमाल धरून नाचतोय.

नितेश भरल्या ताटावरून उठला.

मी आप्पांना गाठलं. "चेष्टा करताय का आमची?"

ते नुसते हसले. "नाचली ना लोकं?"

ते हसू माझ्या डोक्यात बसलं. थट्टाच केली म्हाताऱ्याने, दुसरं काय?

नितेशने तेव्हापासून गिटारला हात लावला नाही. बँड संपल्यातच जमा होता.

काल दुपारी आप्पांना नेलं. पार्टीतली पोरं वाजवत पुढे. आधी भजन. मग आमचं गाणं.

हळू. अगदी आम्ही गायलो तसं.

मला वाटलं, आम्हाला बघून चाललंय हे. नाटकं.

मग ती ओळ आली. रेकॉर्डिंगला तिथे नितेशचा हात थरथरला होता, एक सूर चुकला होता. आम्ही तसाच ठेवला. एकाही रिव्ह्यूवाल्याला तो ऐकू आला नव्हता.

बेंजोवर पार्टीतल्या दिनेशने बरोबर तोच सूर चुकवला.

विसाव्याला थांबलो तेव्हा मी त्याला धरलं. "ही चूक कुठून आणलीस?"

"आप्पांनी बसवून घेतली गो ताई. हे गाणं पयलं असंच हळू शिकवलं आमाला. बोलले, भावाचं नाव येतं तितं पोराचा हात हाललाय. तितं नीट वाजवलंत तर खबरदार."

"मग हळदीत फास्ट कशाला?"

"त्याचा भाऊस आमच्या म्होरं नाचायचा ना दर हळदीला. आप्पा बोलले, त्याच्या गाण्यावर लोकं नाचलीच पायजेत."

नितेश बाजूलाच उभा होता. भर रस्त्यात खाली बसला आणि हमसून हमसून रडला. भाऊ गेला तेव्हा सगळ्यांना सांभाळत होता, तेव्हा रडलाच नव्हता तो.

आप्पा, बाकी सगळ्यांवर माझा संशय राहणारच. तुमच्यावरचा संपला.

या आता.